कॅडेव्हर वर्कशॉप : दोन दिवसांत हात बदलतो का?

निशिगंध | रविवार, रात्री १०.४०

बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचणारी) आहे, धागा पहिलाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी त्वचारोगतज्ज्ञ. सहा वर्षं बोटॉक्स आणि फिलर (त्वचेखाली भरायचं जेल) करतेय. आपला हात बसलाय असं गेल्या महिन्यापर्यंत वाटत होतं. मग एका बाईंच्या वरच्या ओठात फिलर देताना ओठाच्या कडेपासून नाकपुडीपर्यंतचा पट्टा डोळ्यांदेखत पांढराफटक पडला. बोटाने दाबून सोडलं तर रंग परतायला पाच सेकंद. सुई काढली. फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज हाताशी होतं, ते भरपूर दिलं, चोळलं, शेकलं. तासाने पुन्हा, आणखी तासाने पुन्हा. तिसऱ्या खेपेला ओठ गुलाबी झाला. बाईंना आता काही त्रास नाही, डागही नाही. झोप उडालीय ती माझी.

छळतंय ते वेगळंच. त्या क्षणी सुईचं टोक नेमकं कुठल्या थरात होतं, हे मला आजही सांगता येत नाही. 'धमनीत, नाहीतर धमनीला खेटून', बस. शरीररचना शिकले ती पहिल्या वर्षी. एका टेबलाभोवती दहा-बारा जण, फॉर्मलीनने डोळे चुरचुरताहेत, आणि चेहरा वर्षाच्या शेवटी घाईघाईत उरकलेला.

आता दोन दिवसांच्या एका कॅडेव्हर वर्कशॉपचं, म्हणजे शवावर शिकायच्या शिबिराचं, आमंत्रण आलंय. चौघांत एक डोकं. फी सणसणीत. चांगले व्हिडिओ आणि ॲटलास घरबसल्या मिळत असताना जावं का? जाऊन आलेल्यांनी खरं सांगा, दोन दिवसांत हात बदलतो का?

बोथट_कॅन्युला | रविवार, रात्री १०.५२

जा. बाकी चर्चा नंतर.

तिरपागडा | रविवार, रात्री ११.०५

चौघांत एक डोकं? आमच्या ऑफिसात दहा जणांत एक असतं, तरी काम चालतं.

(हलके घ्या. मी संगणकवाला, धाग्याचं नाव वाचून काहीतरी भयपट असेल म्हणून आलो.)

दातखिळी | सोमवार, सकाळी ७.३०

मी दंतवैद्य. बोथटराव म्हणतात तसं डोळे मिटून जाऊ नका. मी गेलो होतो एका ठिकाणी, नाव घेत नाही. तीस जण, टेबलं तीन. डोकी फॉर्मलीनची, रंग जुन्या चपलेचा, त्वचा वाकायला तयार नाही. व्याख्याते कापत होते आणि आम्ही पडद्यावर बघत होतो. जेवणानंतर कंपनीच्या माणसाने तासभर नव्या फिलरचं कौतुक केलं. माझ्या वाट्याला चिमटा आला तो संध्याकाळी, तोवर गालाचा चिवडा झाला होता. प्रमाणपत्र मात्र झकास आहे, सोनेरी काठाचं.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. शव कसलं, एका डोक्याला किती जण, आणि चाकू कोणाच्या हातात.

हाडाचा_मास्तर | सोमवार, सकाळी ९.१५

निवृत्त झालो तरी विषय निघाला की हात शिवशिवतात. थोडं लांबेल.

दातखिळी, तुमच्या तक्रारीत अर्धा दोष फॉर्मलीनचा आहे. फॉर्मलीनने प्रथिनं एकमेकांना जखडली जातात. शव वर्षानुवर्षं टिकतं, पण ऊती ताठर होतात आणि पापुद्रे एकमेकांना चिकटतात. नाड्या आणि हाडं शिकायला ते उत्तम. सुईला लागणारा विरोध शिकायला निरुपयोगी. ताजं गोठवून वितळवलेलं शव जिवंत माणसाच्या सर्वात जवळ जातं, फक्त ते काही दिवसांतच खराब होऊ लागतं आणि जंतुसंसर्गाची काळजी जास्त घ्यावी लागते. तिसरी थीलची पद्धत, ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या वॉल्टर थील यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली. त्यात क्षार आणि ग्लायकोल मुख्य, फॉर्मलीन अगदी थोडं. सांधे वळतात, त्वचा मऊ राहते, रंगही बराचसा टिकतो. चांगल्या ठिकाणी धमन्यांमध्ये लाल लेटेक्स भरून ठेवतात, म्हणजे ती दोऱ्यासारखी वाहिनी कापताना हातची जात नाही.

आता निशिगंधताईंचा ओठ. वरच्या ओठाची धमनी चेहऱ्याच्या मुख्य धमनीतून ओठाच्या कोपऱ्याजवळ फुटते आणि पुढे नाकाच्या पडद्याला व नाकपुडीला फांद्या देते. म्हणून तुमचा पांढरा पट्टा नाकापर्यंत चढला. ती बहुतेकांत ओठाचा गोल स्नायू आणि आतली ओली त्वचा यांच्या मध्ये असते, काहींत स्नायूच्या आत, थोड्यांत चक्क बाहेरच्या त्वचेखाली. एकाच ओठात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना ती थरही बदलते. ॲटलासमध्ये एकच चित्र असतं. चित्रकाराने एकच माणूस काढला, त्याला इलाज नाही.

हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी गृहपाठ: दात घट्ट आवळा. जबड्याच्या कोपऱ्याजवळ जो स्नायू टम्म फुगतो तो मॅसेटर. त्याच्या पुढच्या कडेला, जबड्याच्या खालच्या हाडावर बोट हलकं टेकवा आणि दात सैल सोडा. बारीक ठोका लागेल. तीच चेहऱ्याची धमनी, मानेतून हाड ओलांडून वर येते ती.

तिरपागडा | सोमवार, सकाळी ९.४०

लागला! आता मीटिंगमध्ये सगळे मला दातदुखी झाली समजताहेत.

पेन्सिलटोक | सोमवार, सकाळी १०.०२

मला लागत नाही. दोन्हीकडे बघितलं. मास्तर, मी आहे ना अजून?

हाडाचा_मास्तर | सोमवार, सकाळी १०.२०

टंकताय म्हणजे असाल. जोरात दाबू नका, धमनी चेपली जाते. आणि दोन्ही बाजू सारख्या असतील असं धरून चालू नका. एकाच माणसाच्या उजव्या-डाव्या चेहऱ्यात ही धमनी वेगवेगळ्या उंचीवर संपलेली मी कितीदा पाहिलीय. कधी ती नाकाशेजारून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत जाते, कधी ओठाशीच संपते.

पेन्सिलटोक | सोमवार, सकाळी १०.३१

अडाण्याचा प्रश्न. सुई टोचल्यावर पिस्टन जरा मागे ओढून रक्त येतंय का बघतात ना? मग एवढी कापाकापी कशाला?

बोथट_कॅन्युला | सोमवार, दुपारी १.१०

प्रश्न अडाण्याचा नाही, फसवा आहे. सुई बारीक, तीत घट्ट जेल भरलेलं. मागे ओढलं तरी रक्त यायला वेळ लागतो, कधी येतच नाही. आलं तर थांबा, हे बरोबर. नाही आलं म्हणजे निर्धास्त व्हा, हे चूक. शिवाय पिस्टन ओढताना टोक हलतं, म्हणजे तपासलं एका जागी आणि सोडलं दुसऱ्या जागी.

कॅन्युलाचंही, म्हणजे बोथट टोकाच्या सुईचंही, तेच. २५ गेज किंवा त्याहून जाड असेल तर धमनीची भिंत सहसा भेदत नाही. २७ गेजची घेतलीत तर ती सुईची धाकटी बहीणच. माझा आयडी काहीही असो.

ध्वनिलहरी | सोमवार, सायंकाळी ६.४५

मी क्ष-किरण विभागातली. माझं मत थोडं वेगळं. मेलेल्या माणसाच्या धमन्या शिकून जिवंत माणसाला टोचणं ही कालची गोष्ट झाली. सोनोग्राफीचा उच्च वारंवारतेचा प्रोब, १८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, गालावर ठेवा, रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉप्लर चालू करा. ह्याच माणसाची धमनी, ह्याच क्षणी, त्वचेपासून किती मिलिमीटर खोल, दिसतं. मास्तरच म्हणताहेत की प्रत्येकाची वेगळी. मग दुसऱ्याची बघून काय उपयोग?

बोथट_कॅन्युला | सोमवार, सायंकाळी ७.३०

ध्वनिलहरी, तुम्हाला त्या पडद्यावर थर दिसतात कारण तुम्ही आयुष्यभर तेच बघताय. माझ्याकडे एकजण नवं यंत्र घेऊन आले होते. पडद्यावर करडे ढग, आणि हे बोट ठेवून सांगताहेत, 'हा सुपरफिशियल फॅशिया असावा.' असावा! कापून पाहिल्याशिवाय करड्या रेघेला नाव देता येत नाही.

ध्वनिलहरी | सोमवार, सायंकाळी ७.४८

मान्य, अर्धं. पण उलटही खरं. कापून पाहिलेले किती जण नंतर यंत्र लावतात? एकाच शिबिरात सकाळी प्रोब आणि दुपारी चाकू असेल तर मी स्वतः येईन.

कातरवेळ | सोमवार, रात्री ८.१५

स्पष्ट बोलतो. हे काम शल्यचिकित्सकांचं आहे. दंतवैद्य, नर्स, त्वचावाले, सगळ्यांनी दोन दिवस डोकी कापायची आणि सोमवारी पाटी लावायची, हाच मूळ रोग आहे.

दातखिळी | सोमवार, रात्री ८.२२

कातरवेळ, ओठ, जबडा आणि मॅसेटर यांच्यातच माझा दिवस जातो. खालच्या ओठाची भूल देताना मी रोज नस शोधतो. तुम्ही शेवटची कधी शोधली होती?

पांढरी_चप्पल | सोमवार, रात्री ८.४०

भांडा तुम्ही. मी नर्स, नऊ वर्षं सौंदर्य-उपचारांच्या क्लिनिकमध्ये. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या सर्वात हुशार सर्जननीच एकदा हायल्युरोनिडेजची मुदत संपलेली कुपी काढली होती. पदवीवरून सुईचं टोक ओळखू येत नाही.

एक आकडा सांगते, तो आमच्या ट्रेवर चिकटवलेला आहे: ०.०८५. भुवयांच्या मधून वर जाणारी जी धमनी, सुप्राट्रॉक्लियर, तिच्यात भुवईपासून थेट डोळ्याच्या खोबणीच्या तळापर्यंत सरासरी तेवढे मिलिलिटर मावतात. शवांवर मोजून २०१७ साली छापलंय. आपली सिरिंज एक मिलिलिटरची. म्हणजे तिच्या दहाव्या भागाहून कमी जेल धमनीत जोराने शिरलं की ते उलट्या दिशेने वाहत डोळ्याच्या मुख्य धमनीपर्यंत पोचू शकतं, आणि जोर थांबला की रक्ताबरोबर पुढे, दृष्टिपटलाकडे. दृष्टिपटलाला रक्त नसेल तर तास-दीड तासात कायमचं नुकसान, काहींच्या मते त्याच्या कितीतरी आधी.

म्हणून आमच्याकडे दाबायचं ते अगदी हळू, एका जागी थेंबभर.

पेन्सिलटोक | सोमवार, रात्री ८.५५

बाप रे. हे असं खरंच होतं?

हाडाचा_मास्तर | सोमवार, रात्री ९.३०

क्वचित, पण होतं. २०१५ साली तोवर छापून आलेली प्रकरणं एकत्र केली गेली. फिलरनंतर दृष्टीवर परिणाम झालेली ९८ निघाली. जवळपास निम्म्यांत टोचलेला पदार्थ म्हणजे स्वतःचीच चरबी. जागा सर्वाधिक भुवयांच्या मधली, नंतर नाक. कारण तिथे गळ्यातून बाहेरून येणाऱ्या आणि मेंदूकडून डोळ्यामार्गे येणाऱ्या धमन्या एकमेकींना मिळतात. दोन नद्यांचा संगम, आणि आपण तिथे बांध घालतो.

ती सुप्राट्रॉक्लियर भुवईच्या कडेला हाडाजवळ खोल असते, कपाळावर चढताना स्नायू भेदून त्वचेखाली येते. म्हणजे खाली 'खोल टोचा' हा सल्ला धोक्याचा आणि वर 'वरवर टोचा' हा. हे वाचून कळतं. पण चिमट्याने स्नायू उचलून त्याखालून ती वर येताना स्वतः पाहिली की मग विसरता येत नाही.

सावळी | मंगळवार, सकाळी ११.००

मी सुईच्या दुसऱ्या टोकाला असते. कपाळावर बोटॉक्स घेतलं, सहाव्या दिवशी डावी पापणी खाली आली. पाच आठवडे. लग्नाच्या फोटोंत मी सगळ्यांना डोळा मारतेय असं दिसतं. ज्यांनी केलं ते 'होतं असं कधीकधी' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. हे शिबिराने टळलं असतं का?

निशिगंध | मंगळवार, दुपारी २.२०

सावळी, वाईट वाटलं. पापणी उचलणारा स्नायू खोबणीच्या छताखालून येतो. औषध भुवईच्या फार जवळ, फार खाली किंवा जास्त पातळ करून दिलं की खोबणीच्या पडद्यापलीकडे झिरपून त्याला गाठतं. म्हणून हाडाच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर वर राहायचं असतं. ॲप्राक्लोनिडिनचे थेंब देतात, त्याने पापणीतला दुसरा एक छोटा स्नायू आखडतो आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटर उचल मिळते. तुम्हाला ते कोणी सुचवलं नाही याचाच राग येतोय.

बोथट_कॅन्युला | मंगळवार, दुपारी ३.०५

इथे शिबिराची मर्यादाही सांगून टाकतो. मेलेला माणूस भुवई उंचावत नाही. कोणाचा कपाळाचा स्नायू जोरकस, कोण एका बाजूने जास्त हसतो, कोणाची पापणी मुळातच जड आणि कपाळाने तोलून धरलेली, हे शवावर कळत नाही. रक्त येत नाही, सूज येत नाही, त्वचा पांढरी पडत नाही. शवावर सगळेच निष्णात. कोणी शिबिर करून आला की पहिला आठवडा मी त्याला नाकाला हात लावू देत नाही. आत्मविश्वास ताजा असतो.

जाईची_वेल | मंगळवार, रात्री १०.१५

सकाळपासून लिहू की नको करतेय. माझ्या बाबांनी देहदान केलं होतं. चार वर्षं झाली. आम्हाला सांगितलं होतं की विद्यार्थी डॉक्टर शिकतील. इथे 'चौघांत एक डोकं', 'गालाचा चिवडा' वाचून पोटात ढवळलं. बाबांचा चेहरा कोणाच्या सुरकुत्या पुसायला शिकण्यासाठी वापरला गेला असेल का? विनोद करा, पण हे कोणाचे तरी वडील असतात.

दातखिळी | मंगळवार, रात्री १०.२८

चिवडा शब्द माझा. चुकलं. माफ करा ताई.

तिरपागडा | मंगळवार, रात्री १०.३०

माझंही. सॉरी.

हाडाचा_मास्तर | मंगळवार, रात्री ११.५०

ताई, तुमचा प्रश्न मला कारकिर्दीत तीनदा विचारला गेला आणि तिन्ही वेळा मी लांबलचक उत्तर दिलं. आज थोडक्यात देतो. सुरकुत्यांसाठी वापरलं गेलं असेल का? असू शकेल. सही करताना अर्जावर काय लिहिलं होतं त्यावर ते अवलंबून. काही अर्जांत 'वैद्यकीय शिक्षण व संशोधन' एवढंच असतं, आणि त्या दोन शब्दांत बरंच काही मावतं. काहींत वेगळी संमती असते: शरीराचे भाग वेगळे करू देणार का, पैसे घेऊन चालवलेल्या प्रशिक्षणाला देणार का. माझ्या मते दुसऱ्या प्रकारचाच अर्ज असायला हवा, आणि तुम्ही संस्थेला विचारलंत तर त्यांनी सांगायला हवं. विचारा.

शिकवणाऱ्याकडून एवढं सांगतो. तैवानमध्ये त्झू ची संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयात देहदात्याला 'मूक गुरू' म्हणतात. विद्यार्थी आधी त्याच्या घरी जाऊन तो कसा माणूस होता ते ऐकून घेतात, शेवटी सगळं शिवून, कपडे घालून निरोप देतात. आमच्याकडे एवढं नव्हतं. पण माझ्या टेबलावर चेहरा उघडा टाकून कोणी बाहेर गेलं तर त्या दिवशी तो परत आत येत नसे.

कातरवेळ | बुधवार, सकाळी ८.००

धाग्यात पहिल्यांदा मास्तरांशी सहमत. निशिगंध, दातखिळींच्या तीन प्रश्नांत चौथा घाला: शव आलं कुठून आणि कोणाच्या संमतीने. उत्तर चाचरत आलं तर पैसे भरू नका.

जाईची_वेल | बुधवार, सकाळी ९.१०

धन्यवाद मास्तर. गोड करून सांगितलं नाहीत हे बरं केलंत.

बाबांचं नाक फार मोठं होतं. 'हे तरी कोणाच्या कामी येऊ दे' म्हणायचे. तेव्हा चिडायचे मी. विचारते संस्थेला.

पांढरी_चप्पल | बुधवार, सकाळी ९.२५

सावळी, तुमच्यासाठी राहिलं. पुढच्या वेळी टोचून घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा. 'उतारा याच खोलीत आहे का?' आणि 'रात्री काही झालं तर फोन कोण उचलेल?' पहिल्याला माणूस उठून कपाट उघडून दाखवतो की तोंडी हो म्हणतो, ते बघा. बोटॉक्सला असा उतारा नसतो, तिथे थेंबांबद्दल विचारा.

निशिगंध | बुधवार, रात्री ९.००

चारही प्रश्न विचारले. शवं ताजी गोठवलेली. चाकू आपल्याच हातात. संमतीचा नमुना त्यांनी न मागता पाठवला, त्यात अशा प्रशिक्षणाचा वेगळा रकाना आहे. नाव नोंदवलं. आल्यावर लिहीन.

तिरपागडा | बुधवार, रात्री ९.०४

वाट बघतो. तोवर कोणी मला 'फॅशिया'ला मराठी शब्द सांगा. प्रावरणी म्हणे. प्रावरणी ऐकून मला कोणीतरी दूरची आत्या वाटते.

हाडाचा_मास्तर | बुधवार, रात्री ९.१५

मी वर्गात 'पापुद्रा' म्हणायचो. त्वचा, तिच्याखालची चरबी, मग तो पापुद्रा, मग मोकळी जागा आणि बांधून ठेवणारे धागे, आणि शेवटी हाडावरचं आवरण. चेहऱ्याचे हे पाच थर. मधल्या पापुद्र्याचं एसएमएएस हे नाव १९७६ साली आलं, म्हणजे माझं शिक्षण त्याच्याशिवायच झालं होतं. चरबीही एकसंध नसते, तिचे कप्पे असतात, हे तर २००७ साली रोरिच आणि पेसा यांनी शवांत निळा रंग सोडून दाखवलं. रंग भिंतीशी येऊन थांबायचा.

निशिगंध | सात आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११.२०

धागा वर काढतेय. जाऊन आले. मास्तर, तो निळा रंग डोक्यात ठेवूनच गेले होते आणि नेमकं तेच करायला लावलं.

पहिल्या दिवशी चाकू दिलाच नाही. म्हणाले, आपापल्या नेहमीच्या सुया आणि कॅन्युला काढा, रंगवलेलं जेल घ्या आणि क्लिनिकमध्ये टोचता तसंच टोचा. प्रत्येक टोचणीआधी कागदावर लिहायचं: मी कुठल्या थरात आहे. माझ्या टेबलावर एक आजोबा होते. हनुवटीवर पांढरी खुंटं, दोन दिवस दाढी न केल्यासारखी. सुरुवातीला कोणीही न सांगता आम्ही चौघं गप्प उभे होतो. जाईची_वेल, तुमची आठवण आली.

मी लिहिलं: हनुवटी, हाडावर. कानशील, हाडावर. ओठ, त्वचेखाली वरवर. दुपारी कापलं. हनुवटी बरोबर. कानशिलात जेल हाडावर नव्हतं, स्नायूच्याही वर होतं. टोकाला कडक लागलं म्हणून मी हाड समजले, ते त्या स्नायूवरचं जाड आवरण होतं. सहा वर्षं मी त्या आवरणाला हाड समजत आलेय बहुधा.

आणि ओठ. ओठ आतून उलटला, ओली त्वचा कात्रीने बाजूला केली. लेटेक्स भरलेली लाल धमनी नागमोडी, जाडजूड शिवणदोऱ्याएवढी. माझं निळं जेल तिला लपेटून बसलेलं. स्नायूच्या पलीकडे. मी 'वरवर' लिहिलं होतं.

शिकवणाऱ्या बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, पुन्हा टोच, पण या वेळी मी तुझी करंगळी बघणार. टोचलं. सुई बरोबर थरात शिरली होती. पण पिस्टन दाबायला अंगठ्याने जोर लावला तसा करंगळीचा टेकू गालावरून उचलला गेला आणि टोक आत सरकलं. दोनच मिलिमीटर. ओठात दोन मिलिमीटर म्हणजे घर बदलणं. मला हे व्हिडिओत कधीच दिसलं नसतं, कारण व्हिडिओत दुसऱ्याचा हात असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोबही होता, ध्वनिलहरी. आदल्या दिवशी नाव दिलेल्या रेघा ओळखता आल्या. सगळ्या नाही.

मग, हात बदलला का? अंगठ्याची सवय सहा वर्षांची आहे. आता टेकू दोन बोटांचा घेते आणि फार सावकाश दाबते. माझ्या त्या पेशंटबाई परवा तपासणीला आल्या होत्या, खालच्या ओठाचंही करून द्या म्हणत होत्या. मी म्हटलं, महिनाभर थांबा.

बोथट_कॅन्युला | शनिवार, रात्री ११.४०

पहिला आठवडा नाक नको.

निशिगंध | शनिवार, रात्री ११.४२

नाक सोडूनच दिलंय, सर.

जाईची_वेल | रविवार, सकाळी ७.५०

वाचलं. संस्थेचं पत्र आलं परवा. बाबा पहिल्या वर्षाच्या मुलांकडे होते, पूर्ण वर्षभर. पांढरी खुंटं वाचून थोडं रडले, पण बरं वाटलं.

पेन्सिलटोक | रविवार, सकाळी ९.३०

मास्तर, ठोका लागला. डावीकडे. उजवीकडे अजून शोधतोय.

दातखिळी | रविवार, सकाळी १०.१५

पुढची बॅच कधी आहे ते कळवा. रंगीत जेल ते देतात की आपण न्यायचं?

निशिगंध | रविवार, सकाळी १०.४०

जेल ते देतात. सुया मात्र आपल्या नेहमीच्याच न्या. आणि हाताचा कोपरा दुखेल, स्टूल मागून घ्या.